वेबसाइट मेंटेनन्सचे वर्षाला २४ हजार मागतायत, द्यावेत का? (हापूसची ऑनलाइन विक्री आहे)

बागायतदार_पावस

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ पावसला आमची हापूसची बाग आहे. वडील आणि काका बाग बघतात, मी आणि बहीण विक्रीचं बघतो. काही वर्षांपूर्वी दलालाकडे पेट्या पाठवणं कमी करून थेट गिऱ्हाइकाला द्यायचं ठरवलं तेव्हा पुण्यातल्या एका छोट्या कंपनीकडून वेबसाइट करून घेतली, वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्सवर (त्यावर दुकान चालवणारं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर) आहे, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडलेला आहे, पिनकोड टाकला की तिथे डिलिव्हरी होते का ते दाखवतं, एक डझन, दोन डझन, पाच डझन अशा पेट्या, आणि सीझन संपला की आंबापोळी आणि आमरसाचे डबे. साइट त्यांनी छान केली, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही.

आत्तापर्यंत ते वेगळे पैसे घेत नव्हते, फोन केला की छोटंमोठं काम करून द्यायचे. आता कोटेशन आलंय, एएमसी (वार्षिक देखभाल करार) वर्षाला २४,००० अधिक जीएसटी. त्यात काय मिळणार तर एकच ओळ, "वेबसाइट मेंटेनन्स, प्लगइन अपडेट, एसएसएल, बॅकअप, टेक्निकल सपोर्ट". काका म्हणतात साइट चालतेय ना, मग कशाचे पैसे. बहीण म्हणते गेल्या अक्षय्य तृतीयेला झालं ते परत झालं तर एवढे पैसे एका दिवसात जातील.

तेव्हा झालं असं की लोकांच्या खात्यातून पैसे कापले जायचे पण आमच्याकडे ऑर्डर "पेंडिंग" दिसायची आणि थोड्या वेळाने आपोआप कॅन्सल व्हायची, सगळ्या नाही, काही व्यवस्थित यायच्या त्यामुळे आधी लक्षातच आलं नाही. मग फोन सुरू झाले, पैसे गेले आंबे कुठायत, आणि आम्ही गेटवेच्या रिपोर्टमधली नावं आणि ऑर्डरची नावं रात्री बसून जुळवत होतो, तिकडे अढीतला माल तयार होऊन बसलेला. कंपनीत फोन उचलायला कुणी नव्हतं, दोन दिवसांनी कुणीतरी बघितलं आणि सुरळीत झालं, नक्की काय बिघडलं होतं ते कुणी सांगितलं नाही.

तर मला हे समजून घ्यायचंय की मेंटेनन्स म्हणजे ही लोकं करतात काय, आमच्यासारख्याला ते लागतं का, आणि २४ हजार ठीक आहेत का जास्त आहेत. आता मोहोर आलाय, फेब्रुवारीत बुकिंग सुरू करतो, त्याआधी ठरवायचंय.

ठाणेकर_७४

जास्त आहेत दादा. वर्डप्रेस स्वतःच अपडेट होतं आता. छोटे सिक्युरिटी अपडेट २०१३ पासून आपोआप येतात, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ व्हर्जन आलं तेव्हापासून प्लगइनलाही ऑटो अपडेटचं बटण आहे, एकदा चालू केलं की विषय संपला. एसएसएल, म्हणजे साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट, बहुतेक होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) फुकट मिळतं. बॅकअपचा प्लगइन फुकट. मग २४ हजार कशाचे? माझ्या मामांचं डोंबिवलीला क्लिनिक आहे, त्यांची पाच पानांची साइट आहे, वर्षाला डोमेन (साइटचं नाव-पत्ता) आणि होस्टिंग सोडून एक रुपया खर्च नाही, मीच बघतो अधूनमधून.

सांगलीची_डेव्हलपर

मी हेच काम करते, सांगलीत घरून, दुकानदार, शाळा, होमस्टे, दोन-तीन बेदाणेवाले अशा लोकांच्या साइट सांभाळते, त्यामुळे माझं मत एका बाजूचं वाटू शकतं तरी सविस्तर लिहिते कारण पावसच्या दादांचा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे आणि हे पैसे नक्की कशाचे ते लोकांना कुणी सांगतच नाही.

ठाणेकर म्हणतात ते क्लिनिकच्या साइटला बरोबर आहे. पत्ता, वेळ, फोन नंबर एवढंच असलेल्या साइटला एएमसी घेऊच नये माझ्या मते, अशी साइट तर साध्या एचटीएमएलमध्ये करावी म्हणजे अपडेटची कटकटच राहत नाही. पण जिथे पैसे घेतले जातात ती साइट वेगळी. तिथे ऑटो अपडेट चालू करून विसरून जाणं धोक्याचं आहे, कारण वूकॉमर्स आज अपडेट झालं आणि पेमेंटचा प्लगइन मागे राहिला तर बाहेरून साइट एकदम नीट दिसते, फोटो दिसतात, दर दिसतात, आणि शेवटच्या पायरीला गाडी अडते. हे कळतं कधी तर गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर. आणि फोन न करता दुसरीकडून आंबे घेणारे किती ते तर कधीच कळत नाही.

आता तुमचा अक्षय्य तृतीयेचा प्रकार. लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) न बघता खात्री देता येणार नाही, पण लक्षणं अगदी ओळखीची आहेत. यूपीआयने पैसे देताना माणूस साइटवरून त्याच्या पेमेंट अॅपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे गेल्याचा हिरवा टिक दिसला की मोबाइल खिशात टाकतो, परत तुमच्या पानावर येतच नाही. अशा वेळी गेटवे तुमच्या साइटला परस्पर निरोप पाठवतं की या ऑर्डरचे पैसे आले, याला वेबहूक म्हणतात. तो निरोप पोचला नाही तर साइटच्या लेखी पैसे आलेलेच नाहीत. आणि वूकॉमर्समध्ये स्टॉक मोजणं चालू असेल तर पैसे न आलेली ऑर्डर किती वेळ धरून ठेवायची याची एक सेटिंग असते, मूळची ६० मिनिटांची, तेवढ्यात पैसे दिसले नाहीत की ऑर्डर आपोआप कॅन्सल. जे लोक परत पानावर आले त्यांची ऑर्डर पक्की झाली, जे नाही आले त्यांची उडाली, म्हणून तुम्हाला "काही येतात काही नाही" असं दिसत होतं. निरोप अडायला कारण काहीही असू शकतं, सिक्युरिटी प्लगइनने अडवला असेल, गेटवेचा प्लगइन जुना झाला असेल, साइट हलवताना वेबहूकचा पत्ता किंवा त्याचा गुप्त कोड बदलला असेल. सापडल्यावर दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाची असते. म्हणून मेंटेनन्सवाल्याने सीझनमध्ये आठवड्यातून एकदा तरी खऱ्या मोबाइलवरून खरे पैसे देऊन एक ऑर्डर टाकून बघायला पाहिजे, आणि तीही पैसे दिल्यावर ब्राउजरवर परत न येता. हे तुमच्या कोटेशनमधल्या कुठल्याच शब्दात बसत नाही बघा, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त गरज याचीच आहे.

बॅकअपचं पण असंच. "बॅकअप" लिहिलंय पण कुठे ठेवणार? त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नाही, सर्व्हर गेला की दोन्ही जातात. आणि किती वेळाने घेणार? एरवी रात्री एकदा पुरतो. पण एप्रिलमध्ये रात्री दोनचा बॅकअप आणि दुपारी चारला साइट पडली तर मधल्या चौदा तासांतल्या ऑर्डर कुठून आणणार, म्हणून सीझनमध्ये डेटाबेसचा बॅकअप तासाला. तिसरं, तो परत चढवून बघितलाय का कुणी? फाइल रोज बनतेय पण उघडल्यावर अर्धीच आहे असं मी स्वतः दुसऱ्यांच्या साइटवर बघितलंय. त्यांना एवढंच विचारा की शेवटचा रिस्टोअर कधी करून बघितला, उत्तर काय येतं त्यावरून माणूस कळेल.

पीएचपीचं (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं ती) कुठलं व्हर्जन आहे ते विचारून घ्या. साइट काही वर्षांपूर्वीची आहे म्हणजे ७.४ वर बनलेली असण्याची शक्यता बरीच आहे, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. होस्टिंगवाले कधीतरी ईमेल पाठवतात की अमुक तारखेला नवीन व्हर्जन करतोय, तो ईमेल जातो कंपनीच्या पत्त्यावर, कुणी वाचत नाही, आणि त्या दिवशी साइट उघडली की नुसतं पांढरं पान. हे काम आधी साइटच्या कॉपीवर करून बघायचं, सगळं चाललं की मग खऱ्या साइटवर. आणि करायचं पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर. तुमचं राहिलं असेल तर आत्ता जानेवारीत उरकून घ्या, फेब्रुवारी संपल्यावर हात लावायचा नाही. मार्च ते मे फक्त तातडीचे सिक्युरिटी अपडेट, बाकी डिझाइन बदलू, स्लाइडर टाकू हे सगळं जूनमध्ये.

काकांना सांगायचं तर, तुडतुडे डोळ्याला दिसायची वाट बघून तुम्ही मोहोरावर फवारणी करत नाही ना, वेळापत्रक असतं, तसंच आहे हे.

२४ हजार जास्त आहेत का? त्या एका ओळीसाठी जास्त आहेत. पण फेब्रुवारी ते मे सकाळी आठ ते रात्री दहा फोन उचलणार, तासाभरात कामाला लागणार, तासाचा बॅकअप, दर आठवड्याला टेस्ट ऑर्डर, आणि केलेल्या कामाची महिन्याला एक पानाची नोंद, एवढं लेखी देणार असतील तर योग्य आहेत, मी स्वतः याच्या आसपासच घेते. उरलेल्या आठ महिन्यांत एका कामाच्या दिवसात उत्तर आलं तरी तुम्हाला चालेल, तसंच लिहून घ्या, म्हणजे त्यांनाही बाराही महिने धावपळीची किंमत लावावी लागणार नाही आणि दर खाली येईल.

येवला_पैठणी

ताईंनी फार छान सांगितलं. मी हॅकचं सांगतो कारण त्याबद्दल कुणी बोललं नाही.

आमचं पैठणीचं दुकान आहे, साइटवर ऑनलाइन विक्री नाही, फक्त फोटो आणि व्हॉट्सअॅपचं बटण. म्हणजे वर ताई म्हणाल्या तशी साधी साइट, पण वर्डप्रेसवर. एक दिवस मुंबईच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या तुमच्या दुकानाचं नाव गुगलवर टाकलं की खाली जपानी भाषेत काहीतरी येतंय. आम्ही साइट उघडून बघितली, सगळं व्यवस्थित. पण गुगलमध्ये खरंच आमच्या पत्त्याखाली जपानी अक्षरांची हजारो पानं, बुटं आणि पर्सच्या जाहिरातींची. नंतर कळलं की हा प्रकार जगभर होतो, गुगलच्या मदतपानावरसुद्धा "जपानी कीवर्ड हॅक" या नावानेच आहे, आणि त्यातली मेख अशी की ती पानं गुगलला दिसतात आणि आपण उघडायला गेलो तर "पान सापडलं नाही" असं दाखवतात, त्यामुळे मालकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

ज्याने साइट केली होती त्याने महागडी थीम (साइटचा तयार साचा) फुकटात मिळते म्हणून क्रॅक केलेली टाकली होती, आम्हाला बिल मात्र खऱ्या थीमचं लावलेलं. साफ करणाऱ्या मुलाने सांगितलं की घाण तिथूनच आली. वर गुगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट गुगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारी सेवा) त्या हॅकरने स्वतःला साइटचा मालक म्हणून जोडून घेतलं होतं, ते नाव काढलं नाही तर साफ करूनही उपयोग नसतो. साफसफाईला जे पैसे गेले त्यात दोन वर्षांचा मेंटेनन्स निघाला असता, आणि गुगलमधनं ती पानं पूर्ण जायला त्यानंतरही बराच काळ लागला, लग्नसराई तशीच गेली.

म्हणून दादा, तुमच्या साइटवरची थीम आणि प्लगइन विकतचे असतील तर लायसन कुणाच्या नावावर आहे ते विचारा. कंपनीच्या नावावर असेल आणि उद्या तुमचं त्यांच्याशी फाटलं तर अपडेट यायचे बंद होतात. सर्च कन्सोल तुमच्या स्वतःच्या जीमेलवर घ्या, फुकट आहे, काही गडबड झाली तर गुगल ईमेल करतं. आणि अॅडमिनमध्ये कोणाकोणाची नावं आहेत बघा, आमच्याकडे नोकरी सोडून गेलेल्या दोन पोरांचे लॉगिन चालू होते.

कोल्हापूरकर_चप्पल

मी वेगळा रस्ता घेतला तो सांगतो. आमचंही वूकॉमर्स होतं, दोनदा बंद पडलं, मग महिना भाडं देऊन तयार दुकान मिळतं तसल्या प्लॅटफॉर्मवर गेलो. सर्व्हर, सिक्युरिटी, अपडेट सगळं त्यांच्याकडे, रात्रीची झोप लागते हे मात्र खरं. पण महिना भाडं वर्षभर चालू, विक्री असो नसो, आणि तुमचा धंदा तर चार महिन्यांचा. शिवाय प्रत्येक जादा सोयीचं वेगळं अॅप आणि त्याचं वेगळं भाडं, तुमच्यासारखं पिनकोड तपासायचं असलं तर त्यालाही अॅप लागणार बहुतेक. आणि मेंटेनन्स संपतो असं समजू नका, फोटो, दर, साइजचा चार्ट, परत केलेल्या जोडांचे पैसे, हे बघायला माणूस लागतोच. आम्हाला बारमाही विक्री आहे म्हणून परवडलं. तुम्ही आहे तेच नीट सांभाळा असं माझं मत.

कुणी म्हणेल साइट कशाला, इन्स्टा आणि व्हॉट्सअॅपवर विका. ते करतोच आपण सगळे, पण ते खातं बंद झालं तर दाद मागायला माणूस सापडत नाही, साइट आपली राहते.

बागायतदार_पावस

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. काल बहिणीने आणि मी बसून एकेक तपासलं. पीएचपी ७.४ च आहे. बॅकअप त्याच सर्व्हरवर आहे. अॅडमिनमध्ये सहा नावं आहेत, त्यातली तीन कुणाची ते आम्हाला माहीत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे डोमेन कंपनीच्या नावावर आहे, रिन्यूअलचे पैसे आम्ही देतो पण लॉगिन त्यांचं. जूनमध्ये मुदत संपतेय.

काळजी याची जास्त वाटतेय कारण आम्ही पेटीच्या खोक्यावर क्यूआर कोड छापतो, तो स्कॅन केला की साइटवरचं पान उघडतं, कुठल्या बागेतला आंबा, कधी काढला, कसा पिकवायचा, आणि आमची जीआयची (भौगोलिक मानांकनाची) नोंदणी. २०१८ मध्ये हापूसला जीआय मिळाल्यापासून लोक हे विचारतात, कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपवतात ना. पुढच्या सीझनची खोकी छापायला दिलीत. डोमेन हातचं गेलं तर ती सगळी खोकी वाया. त्यांच्याशी संबंध चांगले आहेत, भांडायचं नाहीये, पण मागायचं कसं? आणि एएमसी त्यांनाच द्यावी का दुसऱ्याला?

सांगलीची_डेव्हलपर

दादा, मग डोमेन आधी, एएमसीचं नंतर बोला. भांडण काही नाही, ९० टक्के वेळा कुणाच्या वाईट हेतूने होत नाही हे, साइट बनवताना सोय म्हणून त्यांनी स्वतःच्या खात्यात घेतलेलं असतं. त्यांचं काही बिल बाकी असेल तर ते आधी द्या आणि मग ईमेलवर, फोनवर नाही, लिहा की डोमेन आमच्या नावावर आणि आमच्या खात्यात करून हवंय. सोपा मार्ग असा की ज्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणारी कंपनी) आहे तिथेच तुम्ही स्वतःचं खातं उघडा, ते त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात ढकलतात, बहुतेक रजिस्ट्रारकडे ही सोय असते, त्यात साइट बंद पडत नाही. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर त्यांना डोमेनवरचं लॉक काढून ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) द्यावा लागतो. खात्यात ईमेल आणि मोबाइल घरातल्या माणसाचा द्या, आणि ईमेल त्याच डोमेनवरचा नको, म्हणजे डोमेनला काही झालं तर तो ईमेलही बंद होतो आणि ओटीपी येणार कुठे, साधं जीमेल द्या. नाव तुमच्याकडे आलं की तीन-चार वर्षांचं एकदम भरून टाका.

मुदत उलटली तर लगेच जातं असं नाही, डॉट कॉमला आधी काही दिवस साध्या दरात रिन्यू करता येतं, नंतर ३० दिवसांचा एक टप्पा असतो त्यात मिळतं पण दंड बराच लागतो, आणि त्यानंतर पाच दिवसांनी ते कुणीही घेऊ शकतं. तेवढं ताणायला जाऊच नका, खोक्यांवर छापलंय तुमचं.

एएमसी त्यांनाच द्यायला हरकत नाही, साइट त्यांनी बनवलीय, त्यांना तिच्या खाचाखोचा माहीत आहेत, नवीन माणसाचा पहिला महिना समजून घेण्यातच जातो आणि तुमच्याकडे आता तेवढा वेळ नाही. फक्त डोमेन, होस्टिंग, गेटवे, सर्च कन्सोल या चारही गोष्टी तुमच्या खात्यात आणि त्यांना कामापुरता प्रवेश, ही अट घाला. चांगली कंपनी याला नाही म्हणत नाही. म्हणाली तर मग दुसरा माणूस बघा.

ती तीन अनोळखी नावं आजच काढा, त्यांना विचारून हवं तर, पण आजच. बाकीच्यांना पासवर्ड बदलायला लावा आणि टू फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करा.

एसएसएलचे वेगळे पैसे धरले असतील तर कमी करायला सांगा. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट फुकट आहे, ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवीन होतं. तसंही १५ मार्च २०२६ पासून विकतच्या सर्टिफिकेटचीही कमाल मुदत २०० दिवस ठरलीय, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस होणार, म्हणजे वर्षातून एकदा हाताने बसवायचे दिवस संपले.

नाशिक_हिशेब

मी लहान व्यवसायांचे हिशेब बघतो, माझ्या कामापुरतं सांगतो. २४,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,३२०, एकूण २८,३२०. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्या विक्रीपुरतं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून घेणं) तुम्हाला घेता येत नाही. तुमचा जीएसटी नंबर असेल तर आंबापोळी आणि डब्यांच्या विक्रीच्या प्रमाणात थोडंफार मिळेल, ते तुमच्या सीएकडून काढून घ्या. पण दर ठरवताना २८,३२० हाच आकडा डोक्यात ठेवा.

पैसे एकदम वर्षाचे देऊ नका, दोन हप्ते करा, अर्धे फेब्रुवारीत आणि अर्धे सीझन संपल्यावर जूनमध्ये. तुमचा सगळा धोका मार्च ते मे आहे तर त्यांचे अर्धे पैसे त्यानंतर असावेत. करारात हेही लिहा की करार संपला तर साइटच्या सगळ्या फाइल, डेटाबेस आणि पासवर्ड किती दिवसांत देणार, आणि गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर ते दुसरीकडे वापरणार नाहीत. हे शेवटचं फार लोक विसरतात. तुमच्या साइटवर हजारो घरांचे पत्ते आहेत, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, उद्या ती यादी दुसऱ्या आंबेवाल्याकडे सापडली तर गिऱ्हाईक तुम्हालाच विचारणार.

अजून एक, ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा महिन्याभरात. तुमच्या घरातल्याच कुणाचं नाव चालेल. ते पान आहे का बघा, जुन्या साइटवर बहुतेक नसतं.

ठाणेकर_७४

माझं वरचं मत पैसे घेणाऱ्या साइटला लागू होत नाही हे पटलं, वेबहूकचं मला माहीत नव्हतं. पावसच्या दादांना एक सुचवतो, साइट बंद पडली की मोबाइलवर मेसेज पाठवणाऱ्या फुकट सेवा आहेत, दर पाच मिनिटांनी साइट उघडून बघतात. तो मेसेज कंपनीला आणि तुम्हाला दोघांना येईल असं लावा. पेमेंट अडकलं तर त्यात कळणार नाही, पण साइटच पडली तर गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळेल.

बागायतदार_पावस

आज कंपनीच्या मालकांशी बोललो, चांगलं झालं बोलणं. डोमेन आमच्या खात्यात द्यायला लगेच तयार झाले, ईमेलवर कळवलंय. दोन हप्ते मान्य, सीझनचा फोन मान्य, टेस्ट ऑर्डरचं ऐकून म्हणाले हे आम्हालाच सुचायला हवं होतं. दर २२ हजारांवर आला, एसएसएल काढून. काका पण हो म्हणाले, फवारणीचं सांगितल्यावर.

एकच राहिलं. ते म्हणतायत पीएचपी बदलतानाच होस्टिंगही बदलू, आत्ताचं स्लो आहे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात करणार. यात काही बघायला हवं का?

सांगलीची_डेव्हलपर

हो, ईमेल. तुमचे ऑर्डरचे आणि चौकशीचे ईमेल त्याच होस्टिंगवर असतील तर साइट हलवताना ते मागे राहतात आणि जुनं होस्टिंग बंद केलं की सगळ्या मेलबॉक्ससकट जातात. हलवण्याआधी सगळा ईमेल उतरवून घ्या, आणि डीएनएसमधल्या (डोमेन कुठे जोडलंय ते सांगणाऱ्या) सगळ्या नोंदींचा, विशेष करून ईमेलसाठीच्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएमच्या, स्क्रीनशॉट काढून ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल या बाबतीत कडक झालंय, एसपीएफ किंवा डीकेआयएम नसेल तर तुमचा "ऑर्डर मिळाली" हा ईमेल स्पॅममध्ये जातो किंवा पोचतच नाही, मग गिऱ्हाईक घाबरून फोन करतं. नवीन ठिकाणी गेल्यावर जीमेलवर एक ऑर्डरचा ईमेल येतोय का ते बघा. वेबहूकचा पत्ता गेटवेमध्ये परत तपासा, आणि जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर तसंच राहू दे. तिसऱ्या आठवड्यात मंगळवार-बुधवार सकाळी करायला सांगा, शुक्रवारी संध्याकाळी नको, काही अडलं तर शनिवार-रविवार होस्टिंगच्या सपोर्टवर अनुभवी माणूस मिळणं अवघड जातं. काही अडलं तर इथे लिहा, मी बघते.